गोधडीची किंमत

"आई, मी बँकेच्या परीक्षेला बसणार नाही. गोधड्यांचा व्यवसाय करणार आहे."

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या लेकीनं हे सांगितलं, तेव्हा मी मेथी निवडत होते. पटकन तोंडून गेलं, "अगं, याच्यासाठी शिकवलं का तुला?"

खरं तर मी स्वतः कॉलेजात वाणिज्य शिकवते. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून 'लिज्जत' उभं राहिलं, ही गोष्ट दरवर्षी वर्गात रंगवून सांगते. "कोण कोण व्यवसाय करणार?" म्हटलं की भराभर हात वर होतात. घरी जाऊन आल्यावर मात्र तेच हात खाली येतात. ते खाली कोण आणतं, हे मला त्या संध्याकाळी माझ्याच स्वयंपाकघरात कळलं.

आमच्या सासूबाईंनी चिंधीसुद्धा कधी वाया घालवली नाही. लुगडं विरलं की त्याची गोधडी, गोधडी फाटली की पायपुसणं. लेक त्यांच्याच मांडीशी बसून धावदोरा शिकली. २०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा या शाळकरी पोरीनं जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून गल्लीत वाटल्या. "काय छान वळण लावलंय हो!" म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. पुढे ती म्हणाली, "आता पाच रुपयांना विकते." तेव्हा मीच डोळे वटारले होते, "शेजाऱ्यांकडून पैसे घेतात का?"

म्हणजे काटकसर आपणच शिकवली, आणि कष्टाची किंमत सांगायची लाजही आपणच शिकवली. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' म्हणतो आपण, पण मुलीच्या बाबतीत क्रम बरोब्बर उलटा लावतो.

माझी भीती अगदीच खोटी नव्हती. महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या पगाराचा आधार मी जाणते. तिनं मात्र वही पुढे ठेवली. बाळाच्या एका गोधडीला दोन सुती साड्या, चार दिवसांचं काम. गल्लीतल्या दोन काकू शिवणार. त्यांची मजुरी आधी, आपला नफा नंतर. वर्षभर बघायचं, नाही जमलं तर परीक्षा आहेच. एका जागी हिशेब चुकला होता. तो मी दुरुस्त केला आणि तिथंच माझा विरोध संपला म्हणा ना!

परवा भाचीच्या बाळासाठी मी एक गोधडी उचलली. "सहाशे रुपये," लेक म्हणाली. 'आईकडूनसुद्धा?' हे ओठांवर आलं होतं. जीभ चावली आणि सहाशे मोजून दिले.

मैत्रिणींनो, तुमच्या घरात असा हात वर झाला, तर निदान वही तरी बघा.