स्वस्त ब्ल्यू-रे प्लेअर घेताना

सॅमसंगने २०१९ साली अमेरिकेच्या बाजारासाठी ब्ल्यू-रे प्लेअरची नवी मॉडेल काढणे थांबविले. नवा माल असा कमी होत चालला असता, जिंतूर तालुक्यातील बोरीसारख्या गावी स्वस्तात मिळणारा प्लेअर बहुधा वापरलेला, नाही तर आखातातून कुणी नातेवाइकाने आणलेला असतो. दोन्ही ठिकाणी पैसे बुडण्याचा धोका आहे.

वापरलेला प्लेअर दाखविताना विक्रेता डीव्हीडी लावतो, चित्र छान दिसते आणि सौदा होतो. पण डीव्हीडी लाल लेसरवर वाचली जाते, ब्ल्यू-रे निळसर जांभळ्या लेसरवर. एक लेसर निकामी असूनही दुसरा चालू राहतो. म्हणून ब्ल्यू-रे डिस्क आपणच सोबत न्यावी, शक्यतो ५० जीबीची दुपदरी, आणि सिनेमाच्या शेवटापर्यंत ती अडत नाही हे पाहावे. (दुकानदार बांधवांनी मालातील ऐब स्वतःहून सांगावा, हा तर आपल्याकडे व्यापाराचा पहिला नियम आहे.)

आखाती प्लेअर ‘बी’ विभागाचा असतो, भारत ‘सी’ विभागात येतो. फक्त ‘सी’ छापलेली डिस्क त्यावर चालत नाही. ए, बी, सी तिन्ही अक्षरे असलेली चालते. घरच्या लग्नाच्या डीव्हीडीला ही अडचण नाही.

टीव्हीला एचडीएमआयची जागा नसेल, तर पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीवर डीव्हीडीइतकेच चित्र मिळेल. अशा घरी साधा डीव्हीडी प्लेअर पुरे.