आरती म्हणताना श्वास कुठे घ्यावा?

दौलतराव शिंद्यांनी १८१०च्या सुमारास ग्वाल्हेरला लष्कर वसविले, तेव्हापासून आपल्या कित्येक घराण्यांची बिऱ्हाडे येथे आहेत. घरात हिंदीने पाय पसरले आहेत. मुले एकमेकांशी हिंदीत भांडतात आणि आजीशी तेवढी मराठीत बोलतात. परंतु भाद्रपदात गणपती पाटावर बसला, की हीच मुले झांजा घेऊन समर्थ रामदासांची आरती तोंडपाठ म्हणतात. पुष्कळ घरांत मुलांना सलग पाठ येणारे मराठी आता एवढेच उरले आहे. म्हणून ते अर्थासह उरावे, असे मला वाटते.

गाणे शिकवणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे माझे लक्ष आधी श्वासाकडे जाते. आरतीच्या पहिल्याच ओळीत विघ्नाच्या वार्तेचा उल्लेख येतो आणि चाल तेथे विसावा घेते. झांज वाजते, सगळे दम घेतात आणि नव्या जोमाने ‘नुरवी’ उचलतात. घोटाळा येथेच होतो. ‘नुरवी’ हे क्रियापद मागच्या ओळीचे आहे. न उरवी, म्हणजे उरू देत नाही. काय उरू देत नाही? तर विघ्नाची वार्ता. वाक्य तेथे पुरे होते. लगेच येणारी ‘पुरवी’ ही दुसऱ्या वाक्याची सुरुवात. पुरवते ते प्रेम. दोन्ही क्रियापदांचा कर्ता एकच, आणि तो ओळीच्या अगदी शेवटाकडे सापडतो: ज्याची कृपा. ती कृपा विघ्नाची बातमीसुद्धा शिल्लक ठेवत नाही आणि वर प्रेम पुरवते. चालीच्या विसाव्याने मात्र ‘नुरवी’ आपल्या कर्मापासून तुटते आणि ‘पुरवी’ला चिकटते. मग ‘नुरवीपुरवी’ हा ‘आरडाओरडा’सारखा एखादा जोडशब्द असावा, असे मुलांना वाटू लागते. परवा एका हुशार मुलीने तो एकच शब्द म्हणून वहीत लिहून आणला. त्यात तिचा काय दोष? तिने जसे ऐकले तसेच लिहिले.

‘वार्ता’ या शब्दाचीही आमच्याकडे निराळी अडचण आहे. हिंदीत वार्ता म्हणजे बोलणी, दोन पक्षांची चर्चा. मराठीत ‘त्याची वार्ताही नको’ म्हटले, की मागमूसही नको, असे आपण समजतो. विघ्न तर नाहीच, पण ते आल्याची कुणकुणही नाही, एवढे मोठे आश्वासन त्या शब्दात आहे.

पुढच्या ओळीतली ‘उटी’ तर फारच छळली जाते. कोणी ‘ओटी’ म्हणते, आणि हिंदी कानाची मुले सरळ ‘उठी’ म्हणतात. ओटी भरायची ती सुवासिनीची. गणपतीच्या अंगाला असते ती उटी, म्हणजे अंगभर लावलेला लेप. शंका असणाऱ्याने दुसरे कडवे पाहावे. तेथे चंदनाच्या संदर्भात हाच शब्द पुन्हा आला आहे, आणि चंदनाची ओटी कोणी भरत नाही. येथेही चालीचा एक घाव आहे. ‘सुंदर’ या शब्दापाशी ती थबकते, त्यामुळे देव सर्वांगाने सुंदर आहे, असा अर्थ कानाला लागतो. तोही अर्थ वाईट नाही. पण सर्वांगावर शेंदराची सुंदर उटी आहे, हा अन्वय मला अधिक सरळ वाटतो.

आमचे तीर्थरूप दरबारात गात. ख्यालाची बंदिश शिकवताना ते आधी तंबोरा बाजूला ठेवायला लावीत आणि शब्द बोलण्यासारखे म्हणवून घेत. सम कोठे आहे ते तबलजी सांगेल, पण वाक्य कोठे संपते ते गवयालाच ठाऊक पाहिजे, हा त्यांचा दंडक होता. आरतीलाही तो लावून पाहावा. पिढ्यानपिढ्यांची चाल मोडा, असे मी म्हणत नाही. पहिल्या ओळीनंतर दम न घेता ‘नुरवी’पर्यंत यावे, तेथे पापणी लवण्याइतके थांबावे आणि मग ‘पुरवी’ उचलावे. ठेका हलत नाही.

शेवटच्या कडव्यात तर यमकच फसवते. चारही ओळी ‘ना’वर संपतात. त्यातला ‘फणिवरबंधना’ हा शब्द निम्म्या घरांत ‘फणीवर वंदना’ असा म्हटला जातो. फणिवर म्हणजे श्रेष्ठ नाग; तो ज्याने कमरेला बांधला आहे, त्याला घातलेली ही हाक. जुन्या मूर्तींच्या पोटावर हा नाग दिसतो. कडव्याच्या शेवटी ‘सुरवरवंदना’ खरोखरच आहे, त्याचा सूर आधीच कानात असल्यामुळे बंधनाचे वंदन होत असावे. तीसुद्धा हाकच आहे: थोर देव ज्याला वंदन करतात, असा तू.

‘संकटी’च्या जागी ‘संकष्टी’ म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे. देवाने महिन्यातून एकदाच, चतुर्थीला पावावे, अशी मागणी समर्थ कशाला करतील? आणि ‘पावावे’ हे हिंदीतले ‘पाना’ नव्हे. येथे मिळवायचे काही नाही. देवाने प्रसन्न होऊन धावून यायचे आहे. तसेच ‘निर्वाणी’ म्हणजे मोक्ष नव्हे. निर्वाणीचा इशारा, निर्वाणीची वेळ असे आपण म्हणतो, तोच हा शब्द. सगळे उपाय थकले, की त्या घटकेला राख, एवढेच मागणे आहे.

एक शब्द मुद्दाम मागे ठेवला होता: ‘सदना’. ‘त्रिनयना’सकट कडव्याच्या तीन ओळी देवाला हाक मारून संपतात, ही एकच ओळ तशी संपत नाही. ‘सदना’ म्हणजे सदनाला, घरी. रामाचा दास वाट पाहतो आहे, ती तू घरी यावास म्हणून. समर्थांचा काळ १६०८ ते १६८१. लग्नाच्या बोहल्यावरून ते निघून गेले आणि पुढे वर्षानुवर्षे देशभर हिंडले, असे परंपरा सांगते. ज्याने स्वतःचे घर मांडलेच नाही, तो देवाला घरी ये म्हणतो आहे. हे घर मठ असेल किंवा अंतःकरण असेल; कीर्तनकारांनी हवे ते घ्यावे. मला तर ते साधे घर वाटते, पाट मांडलेले, दार उघडे ठेवलेले. दुर्दैव एवढेच, की आमच्या आरत्यांत नेमक्या याच ओळीला लय चढलेली असते आणि धाकट्यांचे डोळे खिरापतीच्या ताटाकडे लागलेले असतात.