विमानाची उजवी कूस

मरोळ, सहार किंवा असल्फाच्या गच्चीवरून उतरणारं विमान बघणाऱ्याला जे दिसतं, ते कुर्ला-कलिन्याच्या माणसाला दिसत नाही: सामानाचे दरवाजे! वर्षातला बराच काळ मुंबईत विमानं पूर्वेकडून येतात आणि पश्चिमेकडे तोंड करून उतरतात. तेव्हा त्यांची उजवी कूस अंधेरीच्या बाजूला असते, डावी कलिन्याच्या. घाटकोपरवाल्यांना थेट पोटच दिसतं.

जेट विमानांचा सर्वसाधारण नियम साधा आहे. माणसं डावीकडून चढतात, सामान उजवीकडून. एरोब्रिज, शिड्या, रांगा सगळं डावीकडे; बॅगांच्या ट्रॉल्या, पट्टा, जेवणाची गाडी उजवीकडे. दोन्ही कामं एकाच वेळी चालतात आणि कुणी कुणाच्या पायात येत नाही. एअर इंडियाने १९६० साली आणलेलं बोइंग ७०७ असो की आजचं कुठलंही ७३७, पोटातल्या सामानाचे दरवाजे उजवीकडेच.

त्याआधीच्या डाकोटा विमानाला मात्र हा नियम लागू नव्हता. लष्करी डाकोटाचा मालाचा रुंद, दुपाखी दरवाजा डावीकडे, शेपटीजवळ होता आणि युद्धानंतर अशी कितीतरी विमानं भारतीय कंपन्यांनी घेतली. १९५३ मध्ये आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली, तेव्हा तिच्याकडे ७४ डाकोटा होती. डाकोटाचा सगळ्यात सुंदर पराक्रम आपल्या नागपुरात घडला. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून रात्री टपालाची विमानं निघायची, मध्यरात्री नागपूरला भेटायची, पोती अदलाबदल करायची आणि आपापल्या गावी परतायची. रात्री टाकलेलं पत्र सकाळी दुसऱ्या महानगरात!

त्या काळातली आणखी एक भन्नाट युक्ती म्हणजे 'स्पीडपॅक'. ८ जून १९४८ ला मुंबईहून लंडनला निघालेलं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचं होतं. या जातीच्या विमानासाठी लॉकहीडने पोटाखाली बाहेरून अडकवायची ३३ फूट लांबीची एक पेटी बनवली होती. तिच्यात पावणेचार टनांच्या आसपास माल मावे. विजेच्या यंत्राने ती जमिनीवर उतरवायची, भरायची, पुन्हा वर खेचायची. विमानाचा वेग ताशी वीसेक किलोमीटरने कमी होई, एवढंच.

आजच्या एटीआर विमानांत शेपटीकडून का चढावं लागतं, हा प्रश्न कधी पडलाय? पुढचा डावा दरवाजा सामानाचा असतो, म्हणून! बॅगा वैमानिकांच्या पाठीमागच्या कप्प्यात जातात. आपल्याकडे पूर्वी उडणाऱ्या फोकर फ्रेंडशिपचीही हीच रचना होती. पंख वर, पोट जमिनीलगत. खाली तळघर काढायला जागाच नाही.

आता जम्बोकडे, म्हणजे बोइंग ७४७ कडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. पुढे प्रवासी स्वनातीत विमानांनी जातील आणि ७४७ माल वाहील, असा बोइंगचा अंदाज होता. म्हणून नाक उघडून समोरून माल भरता यावा, अशी तजवीज करत वैमानिकांना वरच्या मजल्यावर बसवलं. जम्बोचं ते प्रसिद्ध कुबड मालासाठी आलं! एअर इंडियाचा पहिला जम्बो, 'सम्राट अशोक', १९७१ मध्ये आला. १९८८ मध्ये आलेली 'शिवाजी' आणि 'नरसिंह वर्मन' ही विमानं तर 'कॉम्बी' होती: मुख्य मजल्यावर पुढे प्रवासी, भिंतीपलीकडे मागे माल. त्यासाठी डाव्या कुशीत, पंखामागे, सुमारे ११ फूट रुंद आणि १० फूट उंच दरवाजा होता. पोटातले दरवाजे उजवीकडे आणि मुख्य मजल्याचा डावीकडे, म्हणजे दोन्हीकडून एकदम माल चढवता येतो. मालवाहू विमानांत आजही बहुधा हीच पद्धत आहे.

दरवाजा आत उघडतो की बाहेर, हा मला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वाटतो. ७३७ चा सामानाचा दरवाजा आत, वर उघडतो. आकाशात आतली हवा त्याला चौकटीवर दाबून धरते. जोर थोडाथोडका नव्हे, दर चौरस मीटरला साडेपाच टनांच्या घरात. तो उडण्याची भीती नाही. पण आत उघडणारा दरवाजा जागा खातो. इंडियन एअरलाइन्सने १९७६ मध्ये घेतलेल्या एअरबस ए३०० च्या पोटात दोन कंटेनर शेजारीशेजारी बसतात. त्यांना मोठं तोंड हवं, म्हणून दरवाजा बाहेर उघडणारा. मग सगळी भिस्त कड्यांवर!

कड्या नीट न बसल्याची किंमत जगाने मोजली आहे. १९७२ मध्ये कॅनडातल्या विंडसरवर एका डीसी-१० चा मागचा मालाचा दरवाजा हवेत उडाला. वैमानिकांनी विमान कसंबसं सुखरूप उतरवलं. धोक्याची घंटा वाजूनही दुरुस्ती अर्धवट राहिली आणि ३ मार्च १९७४ ला पॅरिसजवळ टर्किश एअरलाइन्सच्या डीसी-१० चं तेच झालं. वरच्या प्रवासी कक्षाची जमीन खचली, नियंत्रणाच्या तारा तुटल्या, ३४६ माणसं गेली. पहिल्या इशाऱ्यानंतर जवळजवळ दोन वर्षं हाताशी होती. हे अक्षम्य होतं.

समोरचं विमान ए३२० च्या कुळातलं की ७३७, हे ओळखायची सोपी खूण हवी असेल, तर दरवाजा आत उघडतो की बाहेर, हीच घ्या. उभ्या विमानाच्या उजव्या पोटावर मोठा दरवाजा पंखासारखा बाहेर उघडलेला दिसला, तर ते ए३२० च्या कुळातलं. दरवाजा आत गडप होऊन नुसतं भोक दिसत असेल, तर ७३७. त्या ७३७ च्या पोटात माणूस उभा राहू शकत नाही. लोडर गुडघ्यांवर बसून एकेक बॅग रचतात, भर उन्हातसुद्धा.

हे सगळं बघायचं असेल, तर एकेका बाजूला तीन आसनं असलेल्या विमानात 'एफ' अक्षराची सीट मागा. ती उजवीकडची खिडकी असते, आणि नशीब असेल तर पट्ट्यावरून चढणारी तुमचीच बॅग तिथून दिसते.