चिमूटभर स्ट्रॉन्शियम आणि प्रकाश

1994 साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत इट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या संयुगात सुमारे 12 केल्व्हिनला अतिसंवाहकता सापडली. त्या बातमीने मला या विषयाची गोडी लावली. पुढचे शिक्षण पळसदेवला घरी बसून, मिळतील ती पुस्तके आणि शोधनिबंध वाचून झाले. विचारायला कुणी नसल्यामुळे एक चूक मी बरीच वर्षे जपली. ती इथे सांगतो, कारण तिच्यातूनच विषय उलगडतो.

माणिक लाल दिसते ते ॲल्युमिनियम ऑक्साइडमधल्या किंचित क्रोमियममुळे. तिथे क्रोमियमच हिरवा आणि जांभळा प्रकाश शोषतो. अतिसंवाहक स्फटिकात मिसळलेले मूलद्रव्यही असाच आपला रंग देत असणार, असे मी धरून चाललो होतो.

आता लॅन्थॅनम कॉपर ऑक्साइड पाहा. याच कुळात बेडनॉर्झ आणि म्यूलर यांना 1986 साली उच्च तापमानाची अतिसंवाहकता सापडली. शुद्ध स्फटिक मात्र विद्युतरोधक असतो. त्याच्या तांबे-ऑक्सिजनच्या थरांत इलेक्ट्रॉन एकमेकांना इतके दूर लोटतात, की कुणालाच जागा सोडता येत नाही. ऑक्सिजनवरचा इलेक्ट्रॉन तांब्यावर ढकलायला सुमारे 2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे नारिंगी प्रकाशाच्या एका कणाएवढी ऊर्जा लागते.

काही लॅन्थॅनमच्या जागी स्ट्रॉन्शियम घातले, की चित्र पालटते. लॅन्थॅनम तीन इलेक्ट्रॉन देतो, स्ट्रॉन्शियम दोनच. दर अदलाबदलीमागे थरात एक जागा रिकामी होते आणि इलेक्ट्रॉनांना हलायला वाव मिळतो. स्ट्रॉन्शियम स्वतः रंग देत नाही. तो थराचा स्वभाव बदलतो.

टोकियोच्या उचिदा आणि सहकाऱ्यांनी 1991 साली हे मोजून दाखवले. स्ट्रॉन्शियम वाढवत नेले तसे 2 इलेक्ट्रॉन-व्होल्टजवळचे शोषण घटले, अवरक्तातले वाढले आणि तिथले परावर्तन धातूसारखे झाले.

अवरक्तातले हे शोषण आले कुठून? इलेक्ट्रॉन ठरावीक असल्याने सर्व ऊर्जांवरच्या शोषणाची बेरीजही ठरावीक असते. उजनीचे पाणी उतरले की आमचे बुडालेले पळसनाथाचे मंदिर उघडे पडते. पण त्यातले बरेच पाणी कालव्यांनी शेतांत पोचलेले असते. तसेच इथे वरच्या ऊर्जेचे शोषण खाली उतरते. सिलिकॉनमध्ये किंचित फॉस्फरस मिसळला तर मुख्य शोषणपट्टा जवळजवळ तसाच राहतो. इथे तोच ओसरतो, म्हणून इलेक्ट्रॉनांच्या आपसांतल्या ओढाताणीचा हा पुरावा ठरतो.

प्रत्येक सूत्रामागे 0.15 च्या आसपास स्ट्रॉन्शियम असताना अतिसंवाहकतेचे तापमान सर्वाधिक, सुमारे 38 केल्व्हिन असते. त्यापुढे ते घसरते, धातुपणा मात्र वाढत जातो. म्हणजे विद्युतरोधकाचा धातू कसा झाला, हे प्रकाश सांगतो. त्या धातूत अतिसंवाहकता का उगवते, हा प्रश्न अजून सर्वांपुढे उभाच आहे.