एका रेणूच्या जाडीचे झाकण

नागपूरजवळच्या खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रात पाण्याची वाफ व्हावीच लागते. कंडेन्सरमधून तापून आलेले पाणी शीतलन मनोऱ्यात थोडे उडून जाते, म्हणून उरलेले निवते. पण हे पाणी जिथून येते, त्या पेंच प्रकल्पाच्या जलाशयांवर मे महिन्यात होणारी वाफ म्हणजे निव्वळ तोटा. मनोरे असलेल्या जुन्या केंद्रांना २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेने मेगावॉट-तासाला ३.५ घनमीटर पाण्याची मर्यादा घातली. खापरखेड्याचे १३४० मेगावॉट दिवसभर पूर्ण भाराने चालले, तर त्या मर्यादेतही रोज ११ कोटी लिटरांहून जास्त पाणी लागेल.

जलाशयावरची वाफ अडवण्याचा एक उपाय रसायनशास्त्रज्ञांना जुनाच ठाऊक आहे. सेटिल अल्कोहोलसारखा मेणचट पदार्थ पाण्यावर पसरला, की त्याचे रेणू डोके पाण्यात आणि शेपूट हवेत ठेवून दाटीने उभे राहतात. त्यांचा थर एकाच रेणूच्या जाडीचा असतो. रेणूने व्यापलेली जागा धरून गणित मांडले, तर हेक्टरभर पाण्याला साधारण २० ग्रॅम पुरतात.

असला थर वाफेला किती अडवतो, याचे मोजमाप रिडील यांनी १९२५ मध्ये केले. पुढे १९४३ मध्ये लँगम्यूर आणि शेफर यांनी नेमकी रीत बसवली. ओलावा शोषणाऱ्या पदार्थाची चपटी डबी पाण्याच्या अगदी जवळ धरायची आणि ठरावीक वेळात तिचे वजन किती वाढले ते पाहायचे. एकदा उघड्या पाण्यावर, एकदा थरावर. मधली हवाही वाफेला अडवतेच, पण ती दोन्ही वेळा सारखी असल्याने वजाबाकीत निघून जाते आणि थराचा स्वतःचा रोध हाती येतो. मात्र डबी फार उंच धरली, तर हवेच्याच अडथळ्यात थराचा अडथळा झाकला जातो.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने या विषयात मोलाची भर घातली. देव, संजना, कुलकर्णी, घारपुरे आणि बिश्वास यांनी अल्कॉक्सी इथेनॉल या संयुगांच्या थरांवरचे काम १९६० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. रेणूची शेपटी लांबली की रोध वाढतो. पण थर विरळ झाला किंवा त्यात भेसळ शिरली, की वाफेला वाट मिळते.

तलावावर खरी अडचण येते. वारा थर काठाला लोटतो, लाटा तो फाडतात. शिवाय वाफ कमी झाली की पाणी जास्त तापते आणि तापलेले पाणी वाफेचा जोर वाढवते. वाचलेल्यातला काही भाग असा परत जातो. पातळी उतरली तर त्यात झिरपा किती, उपसा किती आणि वाफ किती, हे वेगळे काढणे आणखी कठीण. प्रयोगशाळेतल्या ताटलीवरचा बचतीचा टक्का म्हणूनच धरणाला लावता येत नाही.

पाणी वाचवण्याचे दुसरे उपाय मोजायला सोपे असतात. भांडेवाडीत शुद्ध केलेले नागपूरचे सांडपाणी वीजकेंद्रांकडे वळवले, तर त्याचा प्रत्येक लिटर मीटरवर दिसतो. वाचलेल्या वाफेचा लिटर मात्र वजाबाकीतूनच काढावा लागतो. तेव्हा बाष्पीभवन रोखणारे रसायन कोणी विकायला आले, तर भावाआधी विचारावे: मोजले कुठे, वारा किती होता आणि झिरपा कसा वजा केला?