रात्रपाळीची वीज

राज्य विद्युत मंडळाचे ६ जून २००५ला तुकडे झाले. निर्मिती, पारेषण, वितरण अशा वेगळ्या कंपन्या निघाल्या. त्याला वीस वर्षं होऊन गेली. परवा सौर वाहिनीवरून दिवसा थ्री फेज लाइट मिळू लागली, तेव्हा आमच्या शिवारात फटाके वाजले. आनंद मलाही झाला. पण रात्रीच्या विजेने ज्यांना नेलं, त्यांचं नाव त्या दिवशी कुणी काढलं नाही, ते फार लागलं.

मंडळाची १९६०नंतरची दशकं भराभर ओलांडतो. खांब आले, विहिरीवरची इंजिनं गेली, मोटरी बसल्या. त्यावर पुष्कळांनी लिहिलंय. माझं मन अडकतं ते २००३ ते २०१२च्या भारनियमनात. दाभोळचा प्रकल्प २००१मध्ये बंद पडला होता, मागणी वाढत होती, आणि तुटवडा कुणी सोसायचा हे जणू ठरलेलंच होतं. मुंबई उजळलेली राहिली. शेतीच्या वाट्याला आठवडाआड रात्रपाळी आली.

मध्यरात्री लाइट यायची. माणूस अर्धवट झोपेत, बॅटरी घेऊन, चिखल तुडवत विहिरीवर जायचा. जाग येईल न येईल म्हणून अनेकांनी स्टार्टरला ऑटो बसवला. मग दुरुस्तीला हात घातलेला असतानाच लाइट यायची आणि मोटर आपोआप सुरू व्हायची. स्टार्टरची पेटी पत्र्याची, अर्थिंगची तार गंजून तुटलेली, म्हणजे पेटीत उतरलेला करंट हात लावणाऱ्याच्या अंगातूनच जाणार. कोरड्या कातडीचा विरोध हजारो ओहम असतो, कधी लाखभरही. ओल्या अंगाचा हजारावर उतरतो. २३० व्होल्टला हजाराने भागा: २३० मिलीअँपिअर. १०-१५ मिलीअँपिअरलाच हाताचे स्नायू असे आवळतात की धरलेलं सोडवत नाही, माणूस चिकटतो. छातीतून ५०-१०० गेला की हृदयाची लय मोडू शकते. ते नुसतं थरथरतं, रक्त ढकलत नाही. अशा वेळी वीज तोडून लगेच छाती दाबत राहायची असते. ते आमच्याकडे कुणी शिकवलंच नाही. जीप तालुक्याला पोहोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असायचं.

‘आकडे टाकतात म्हणून मरतात,’ असं त्या काळी शहरात सर्रास ऐकलं. आकडे होते, नाकारत नाही. पण बिल भरणारा, मीटरवाला माणूसही तसल्याच पेटीला चिकटला. हे बोलणाऱ्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

आणि झिरो वायरमन! नेमलेल्या वायरमनकडे अनेक गावं, म्हणून डीपीवर फ्यूज गेला, जंप तुटला की गावातलाच कुणी पोरगा खांबावर चढायचा. परमिट नाही, हातमोजे नाहीत, सबस्टेशनला फक्त एक फोन. हजेरीपटात नाव नव्हतं, म्हणून मेल्यावर तो कामगारही ठरला नाही. त्या दशकातला सगळ्यात मोठा अन्याय मी हाच मानतो.

३० मिलीअँपिअर गळती होताच क्षणार्धात पुरवठा तोडणारी आरसीसीबी आज नव्या फ्लॅटमध्ये सहज दिसते. विहिरीवर ती शोधून सापडत नाही. सौर वाहिनी नवी, तिच्या टोकाला पेटी तीच, आणि पाणी धरणारा माणूस दिवसाही ओलाच असतो. पंपाच्या कनेक्शनबरोबर आरसीसीबी आणि नीट अर्थिंग द्या, दर पावसाळ्याआधी तपासा. त्या दशकात गेलेल्यांची तालुकावार यादीही जाहीर करा. शेतकऱ्यांसाठी पोलिसांचे पंचनामे आणि विद्युत निरीक्षकांचे अहवाल चाळावे लागतील. झिरो वायरमनची नावं मात्र गावोगाव जाऊन विचारावी लागतील.