मायक्रोब्लॉगिंगचे खाते उघडताना

पावसाळ्यातील एखाद्या सकाळी लोकल सुरू आहे की नाही, कोणत्या भुयारी मार्गात पाणी भरले आहे, शाळांना सुटी जाहीर झाली आहे का, हे जाणून घेण्यासाठी शहरातील माणूस आता केवळ दूरचित्रवाणीवर विसंबून राहत नाही. रेल्वे, महापालिका, पोलीस आणि हवामान खाते यांच्या दोन-चार ओळींच्या नोंदी तो मोबाइलवर पाहतो. 'एक्स' या संकेतस्थळावर खाते नसलेल्याला या नोंदी पूर्णपणे पाहता येत नाहीत. त्यामुळे आजवर या जगापासून दूर राहिलेली अनेक मंडळी केवळ वाचनाच्या गरजेपोटी तेथे खाते उघडतात. पुढे वाचता वाचता लिहूही लागतात.

खाते उघडण्यास पाच मिनिटे पुरतात. मात्र त्या पाच मिनिटांत घाईने घेतलेले निर्णय वर्षानुवर्षे सोबत राहतात. खाते कोठे उघडावे, कोणत्या नावाने उघडावे, त्याला कोणते कुलूप लावावे आणि पहिला शब्द केव्हा लिहावा, या चार प्रश्नांचा विचार आधीच केला तर पुढील मनस्ताप बराचसा टळतो.

मायक्रोब्लॉगिंग म्हणजे काय?

थोडक्या शब्दांतील नोंद सर्वांना दिसेल अशी प्रसिद्ध करणे, म्हणजे मायक्रोब्लॉगिंग. हा प्रकार जगभर रुजवला तो 'ट्विटर'ने. २१ मार्च २००६ रोजी जॅक डॉर्सी यांनी ट्विटरवरील पहिली नोंद लिहिली. तेव्हा या नोंदी मोबाइलच्या एसएमएसद्वारे पाठवता याव्यात अशी योजना होती. एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावत असल्याने त्यांतील २० लिहिणाऱ्याच्या नावासाठी राखून नोंदीला १४० अक्षरांची मर्यादा घालण्यात आली. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती दुप्पट, म्हणजे २८० झाली.

येथील नाते फेसबुकवरील मैत्रीसारखे दुतर्फी नसते. एखाद्या क्रीडा समीक्षकाच्या नोंदी वाचायच्या असतील तर त्याला 'फॉलो' करावे, इतकेच. त्याने आपल्याला फॉलो करण्याची गरज नसते. दुसऱ्याची नोंद आवडल्यास ती 'रिपोस्ट' करून आपल्या वाचकांपुढे ठेवता येते, तिला उत्तर देता येते. एकाच विषयावरील नोंदी एकत्र सापडाव्यात म्हणून शब्दापूर्वी # हे चिन्ह लावण्याची कल्पना ख्रिस मेसिना यांनी ऑगस्ट २००७ मध्ये मांडली. तोच आजचा 'हॅशटॅग'. तो देवनागरीतही चालतो. फक्त मध्ये मोकळी जागा सोडायची नाही.

कोठे उघडावे?

२००६ मध्ये सुरू झालेले ट्विटर आता त्या नावाने उरलेले नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरना ही कंपनी विकत घेतली आणि जुलै २०२३ मध्ये तिचे नाव 'एक्स' झाले. त्याच महिन्यात 'मेटा' कंपनीने इन्स्टाग्रामच्या खात्याला जोडून 'थ्रेड्स' ही सेवा सुरू केली. 'ब्लूस्काय' फेब्रुवारी २०२४ पासून निमंत्रणाविना सर्वांसाठी खुले झाले. 'मॅस्टोडॉन' ही सेवा जर्मनीतील ऑयगेन रोख्को यांनी २०१६ मध्येच सुरू केली होती. तिची मालकी एका कंपनीकडे नसून अनेक संस्था आणि व्यक्ती आपापले सर्व्हर चालवतात. वेगवेगळ्या कंपन्यांची ईमेल खाती असूनही जसा पत्रव्यवहार होतो, तसेच एका सर्व्हरवरील सदस्य दुसऱ्या सर्व्हरवरील सदस्याला वाचू शकतो.

यांतील निवड करताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, आपल्याला ज्यांचे वाचायचे आहे ती माणसे आणि संस्था कोठे आहेत? रेल्वे, पोलीस, महापालिका यांच्या तातडीच्या सूचना हव्या असतील तर 'एक्स'ला टाळणे कठीण आहे. मुंबई पोलीस तेथे २०१५ पासून आहेत. दुसरी गोष्ट सहसा कोणी विचारात घेत नाही. ती म्हणजे, उद्या ही सेवा बंद पडली किंवा सोडावीशी वाटली, तर आपल्यासोबत काय येईल?

हा प्रश्न काल्पनिक नाही. बंगळुरूच्या 'कू' या भारतीय सेवेने २०२० मध्ये कन्नडपासून सुरुवात करून मराठीसह अनेक भारतीय भाषांत लिहिण्याची सोय केली. २०२१ मध्ये ट्विटर आणि केंद्र सरकार यांच्यातील वादाच्या काळात अनेक मंत्री, सरकारी खाती आणि सामान्य लोकही तेथे गेले. जुलै २०२४ मध्ये 'कू' बंद करण्यात येत असल्याचे तिच्या संस्थापकांनी जाहीर केले. ज्यांनी तेथे नेमाने लिहून वाचक जोडले होते, त्यांचा तो गोतावळा त्या सेवेबरोबरच विखुरला.

मॅस्टोडॉनवर एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाताना आपले वाचक सोबत नेता येतात. जुन्या नोंदी मात्र जुन्याच जागी राहतात. ब्लूस्कायवर स्वतःच्या मालकीचे संकेतस्थळाचे नाव खात्याचे नाव म्हणून वापरता येते. एक्सवर वाचक बाहेर नेण्याची सोय नाही, परंतु आपल्या नोंदींची संपूर्ण प्रत उतरवून घेता येते. ही सोय खात्याच्या सेटिंग्जमध्ये असते. वर्षातून एक-दोनदा तिचा उपयोग करून ती प्रत घरच्या संगणकावर ठेवणे शहाणपणाचे.

नाव आणि ओळख

खात्याला दोन नावे असतात. एक @ या चिन्हामागचे, जे साऱ्या सेवेत एकमेव असते. दुसरे नोंदीवर ठळकपणे दिसणारे. एक्सवर पहिले नाव जास्तीत जास्त १५ अक्षरांचे असते आणि त्यात केवळ रोमन अक्षरे, अंक व अधोरेषा चालतात. दुसरे नाव खुशाल देवनागरीत लिहिता येते. पहिल्या नावात जन्मसाल किंवा मोबाइल क्रमांकातील अंक घालण्याची सवय अनेकांना असते. ती टाळावी, फसवणूक करणाऱ्याला तेवढा धागाही पुरतो.

खरे नाव द्यावे की टोपणनाव, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मराठीत टोपणनावाने लिहिण्याची परंपरा जुनी आहे. 'ठणठणपाळ' या नावामागे जयवंत दळवी होते, हे वाचकांना ठाऊक आहेच. मात्र टोपणनाव घेणे वेगळे आणि दुसऱ्याचे नाव घेणे वेगळे. संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याच्या नावाने वावरून फसवणूक करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड नुसार गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. शिवाय टोपणनाव म्हणजे अदृश्यपणा नव्हे. खाते उघडताना दिलेला मोबाइल क्रमांक वा ईमेल कंपनीकडे असतोच.

दुसऱ्याची ओळख पटवतानाही सावध असावे. पूर्वी ट्विटरवरील निळी खूण त्या व्यक्तीची खातरजमा झाल्याचे सांगत असे. एप्रिल २०२३ मध्ये जुन्या पद्धतीने दिलेल्या खुणा काढण्यात आल्या आणि आता वर्गणी भरणाऱ्याला ही खूण मिळते. सरकारी खात्यांसाठी करड्या रंगाची वेगळी खूण आहे. एखादे खाते खरोखरच त्या बँकेचे वा कार्यालयाचे आहे का, हे तपासण्याचा भरवशाचा मार्ग एकच. त्या संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर जावे आणि तेथे दिलेल्या दुव्यावरूनच खाते उघडून पाहावे.

कुलूप कोणते?

इतर कोठेही न वापरलेला लांबलचक पासवर्ड ही पहिली पायरी. दुसरी पायरी म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक सांकेतिक क्रमांक मागणारी दुहेरी पडताळणी. मार्च २०२३ पासून एक्सने एसएमएसद्वारे होणारी ही पडताळणी केवळ वर्गणीदारांपुरती ठेवली. मात्र मोबाइलवरील 'ऑथेंटिकेटर' अॅपद्वारे ती सर्वांना मोफत करता येते. त्या वेळी मिळणारा पर्यायी संकेत कागदावर लिहून घरात जपून ठेवावा. मोबाइल हरवला तर तोच उपयोगी पडतो. आपला क्रमांक किंवा ईमेल वापरून इतरांना आपले खाते शोधता येण्याची सोयही सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करता येते.

फसवणुकीचा एक प्रकार नवागताने विशेष लक्षात ठेवावा. वीजबिल, विमान तिकीट किंवा बँकेच्या व्यवहाराची तक्रार जाहीरपणे लिहिली की काही मिनिटांतच 'ग्राहक सेवा' असे नाव धारण केलेले खाते उत्तर देते आणि क्रमांक मागते, दुवा पाठवते. बोधचिन्ह हुबेहूब असते. मात्र @ मागील नावात एखादे अक्षर कमी-जास्त असते. तक्रार जाहीर करण्यास हरकत नाही, पण त्यात मोबाइल क्रमांक, ग्राहक क्रमांक वा व्यवहाराचे छायाचित्र देऊ नये आणि ओटीपी तर कोणालाही सांगू नये. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर दूरध्वनी करावा.

आधी ऐकावे

नाक्यावरच्या कट्ट्यावर नव्याने आलेला माणूस पहिल्याच दिवशी मध्यभागी उभा राहून भाषण करत नाही. तो आधी कोण काय बोलते ते ऐकतो. येथेही पहिले काही दिवस केवळ वाचनाचे असावेत. सुरुवातीला आपल्या शहराच्या यंत्रणा, आवडीच्या विषयातील जाणकार आणि भिन्न मतांची काही वर्तमानपत्रे एवढ्यांना फॉलो केले तरी पुरे. एक्सवर दोन याद्या दिसतात. 'फॉर यू'मध्ये संगणकाने आपल्यासाठी निवडलेल्या नोंदी असतात, तर 'फॉलोइंग'मध्ये आपण स्वतः निवडलेल्यांच्या. पहिल्या यादीत भांडणे आणि खळबळ वरचेवर समोर येते, कारण ज्यावर लोक थांबतात, उत्तरे देतात, तेच पुढे ढकलले जाते. शांतपणे वाचायचे असेल तर दुसरी यादी बरी. त्रास देणाऱ्या खात्याला 'म्यूट' केले तर त्याच्या नोंदी दिसेनाशा होतात आणि त्याला ते कळतही नाही. 'ब्लॉक' केल्यास त्याचा आपल्या खात्याशी संपर्क तुटतो.

वाचताना दिसलेली प्रत्येक गोष्ट पुढे धाडण्याची घाई नसावी. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला तेव्हा ट्विटरवरून क्षणोक्षणी येणाऱ्या नोंदींकडे जगाचे लक्ष वेधले गेले. त्यांत रक्तदानाची आवाहने होती, तशाच अफवाही होत्या. नोंदीखालची तारीख आणि मूळ लिहिणाऱ्याचे नाव पाहणे एवढी साधी सवयही पुष्कळ चुका टाळते. दरवर्षी पहिल्या पावसात फिरणारी पाणी तुंबल्याची कित्येक छायाचित्रे जुन्याच वर्षांची असतात.

पहिली नोंद

मराठीत लिहिताना अक्षरांचा हिशेब जरा वेगळा असतो. एक्सवर काना, मात्रा, वेलांटी आणि पायमोडके चिन्ह ही स्वतंत्र अक्षरे म्हणून मोजली जातात. 'मराठी' हा तीन अक्षरी शब्द तेथे पाच अक्षरांचा होतो. त्यामुळे २८० अक्षरांत मराठी मजकूर वाटतो त्यापेक्षा कमी मावतो. ब्लूस्कायवर मर्यादा ३०० अक्षरांची असली तरी तेथे 'मराठी' तीनच अक्षरांचा धरला जातो. मॅस्टोडॉनच्या बहुतेक सर्व्हरवर आणि थ्रेड्सवर ही मर्यादा ५०० आहे. मजकूर मोठा असेल तर एकाखाली एक नोंदी जोडून मालिका करता येते. छायाचित्र देताना त्याचे एका वाक्यात वर्णन लिहिण्याची सोय असते. दृष्टिहीन वाचकांची यंत्रे तेच वर्णन वाचून दाखवतात. म्हणून ते रिकामे ठेवू नये.

काय लिहावे, हा प्रश्न अनेकांना अडवतो. आपल्या परिसराची, व्यवसायाची, छंदाची जी माहिती आपल्याला प्रत्यक्ष आहे, तेथून सुरुवात करावी. गल्लीतील झाडावर आलेला पक्षी किंवा बदललेला बसमार्ग यांविषयीची अचूक नोंद देशाच्या राजकारणावरील शंभराव्या मतापेक्षा अधिक उपयोगी ठरते.

मात्र लिहिलेले पुसता येते, यावर फार भिस्त ठेवू नये. नोंद काढून टाकली तरी तोवर तिचे छायाचित्र कोणीतरी काढलेले असू शकते. शब्दाची किंमत किती मोजावी लागते, हे महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर व्यक्त झाल्यामुळे पालघरमधील दोन तरुणींना अटक झाली होती. एकीने लिहिले होते, दुसरीने केवळ पसंतीची खूण केली होती. पुढे त्यांच्यावरील कारवाई मागे घेण्यात आली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले.

त्या निकालाने अभिव्यक्तीला मोठे संरक्षण मिळाले. परंतु मानहानीचा कायदा कायम आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३५६ मध्ये आहे. दुसऱ्याचा मजकूर केवळ पुढे पाठवला, ही सबबही नेहमी चालत नाही. बदनामीकारक मजकूर जसाच्या तसा पुनःप्रसारित करणे हीदेखील मानहानी ठरू शकते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदवले. नोकरदारांनी आपल्या आस्थापनेचे समाजमाध्यमांविषयीचे नियमही आधी वाचून घ्यावेत.

हे सारे वाचून भिऊन जाण्याचे कारण नाही. घराबाहेर चारचौघांत बोलताना जे तारतम्य माणूस सहज पाळतो, तेच येथे पाळायचे आहे. फरक इतकाच की येथील चारचौघे दिसत नाहीत आणि बोललेले मागे उरते. म्हणून नोंद प्रसिद्ध करण्याची कळ दाबण्यापूर्वी ती एकदा, शक्य असल्यास मोठ्याने, वाचून पाहावी. तिच्याखाली आपले नाव पाहून संकोच वाटत नसेल, तर खुशाल पाठवावी.